दोघींची मिळून एक फाइल होत नाही

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत एकाच परवान्यावर फिरू देणाऱ्या व्हिसाच्या, अर्जात मैत्रीला रकाना नाही. नवरा-बायको किंवा आई-मुलं असतील तर कागद एकमेकांच्या आधारावर उभे राहतात. दोन मैत्रिणी म्हणजे दोन अनोळखी अर्जदार, योगायोगाने एकाच विमानात बसणार असलेले. ही गोष्ट पहिल्या दिवशीच लक्षात घेतली तर पुढचे निम्मे घोळ टळतात. आम्हाला ती तिसऱ्या आठवड्यात कळली.

आमचा बेत असा होता: जर्मनीत बर्लिन सात रात्री, ड्रेस्डेन दोन, आणि चेकियात प्राग तीन. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज, आणि रात्री सारख्या असतील तर जिथून पहिला प्रवेश, त्या देशाकडे. आमच्या नऊ रात्री जर्मनीत होत्या, त्यामुळे अर्ज जर्मनीचा. 'अमुक देशाच्या तारखा लवकर मिळतात' म्हणून तिकडे अर्ज करायचा सल्ला पुष्कळ जण देतात. राहण्याच्या रात्री आणि अर्जाचा देश जुळला नाही तर तोच सल्ला अंगाशी येतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. आम्ही मे २०२५ च्या प्रवासासाठी फेब्रुवारीच्या सुरुवातीला तारीख शोधायला बसलो. व्हिसा केंद्राची मिळालेली पहिली तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली होती, म्हणजे पाच आठवडे नुसते वाट बघण्यात. दोघींनी एकाच वेळी, फोनवर एकमेकींशी बोलत बोलत तारखा घेतल्या, तेव्हा कुठे एकाच सकाळी वीस मिनिटांच्या अंतराने नंबर लागला. एकीची घेऊन मग दुसरीची घेऊ म्हटलं असतं तर मध्ये आठवडा गेला असता.

हे पाच आठवडे कागदांत गेले. विमानाचं आरक्षण, राहण्याचं आरक्षण, दिवसवार कार्यक्रम आणि अर्जासोबतच्या पत्राचा मजकूर एवढंच दोघींचं सारखं. बाकी सगळं वेगळं. मी पगारदार, त्यामुळे तीन महिन्यांच्या पगारपावत्या, रजा मंजूर असल्याचं आणि हरकत नसल्याचं पत्र, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं. मैत्रिणीचा स्वतःचा व्यवसाय, म्हणून तिला जीएसटी नोंदणी, व्यवसायाच्या खात्याचे उतारे आणि वैयक्तिक खात्याचे वेगळे. शिवाय तिच्या एका खात्यावर माहेरचं आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं, म्हणून विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत. एकच प्रवास, पण माझी फाइल चाळीस पानांची आणि तिची पंच्याहत्तर. मी आजवर या कागदांना निव्वळ कटकट म्हणत आले होते. तिची फाइल लावताना दिसलं की महिन्याच्या महिन्याला ठरावीक पगार न येणाऱ्या माणसाला 'मी परत येणार आहे' हे सिद्ध करायला किती जास्त कागद लागतात.

तीन गोष्टी इथे चुकतात. पहिली, राहण्याचं आरक्षण एकीच्या नावावर आणि 'दोन पाहुणे' एवढाच उल्लेख. दुसरीच्या फाइलमध्ये त्या कागदाची किंमत शून्य. आरक्षणावर दोघींची पूर्ण नावं, पासपोर्टवर आहेत तशी घालून घ्यावीत, आणि आरक्षण फुकटात रद्द होणारं असावं. दुसरी, पत्रात 'मैत्रिणीबरोबर जात आहे' एवढंच लिहिणं. सोबतच्या व्यक्तीचं नाव, पासपोर्ट क्रमांक, ओळख कशी आणि किती वर्षांची, कोण कशाचा खर्च करणार हे लिहावं, आणि दोन्ही पत्रांतला मजकूर एकमेकांशी जुळावा. तिसरी, एकीने दोघींची विमानतिकिटं आपल्या कार्डावर काढणं. सोयीचं असतं, पण मग दुसरीच्या उताऱ्यात तो खर्च दिसत नाही. आम्ही परतावा मिळणारी तिकिटं आपापल्या खात्यातून काढली. थोडी महाग पडली, पण व्हिसा हातात यायच्या आधी परतावा न मिळणारं तिकीट काढू नये, हे मी ठासून सांगेन. आणि खात्यात अर्जाच्या आधी एकदम मोठी रक्कम आणून ठेवू नये. शिल्लक किती, याइतकंच ती कुठून आली हेही बघतात.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला. विमा किमान ३०,००० युरोचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी, आणि त्यात रुग्णाला किंवा मृतदेहाला मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला. हे शेवटचं कलम वाचून दोघीही क्षणभर गप्प झालो आणि मग एकमेकींच्या घरचे दोन-दोन फोन नंबर लिहून घेतले. ते आधी कधी घेतलेच नव्हते, ओळख वीस वर्षांची असून.

व्हिसा शुल्क ९० युरो, जून २०२४ पासून. त्या वेळच्या दराने साडेआठ हजारांच्या आत-बाहेर, वर केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. बोटांचे ठसे दिले की ५९ महिने पुन्हा वापरले जातात. मैत्रिणीचे जुने ठसे त्या मुदतीत होते, तरी तिने जुन्या व्हिसाची प्रत फाइलला लावली, ते बरं केलं. खिडकीवरच्या माणसाने सगळ्यात आधी तीच मागितली.

निर्णयाची मुदत साधारण पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीसपर्यंत. तिचा पासपोर्ट अकराव्या दिवशी आला. माझा नाही. चौदाव्या दिवशी नाही, सोळाव्या दिवशी नाही. या सहा दिवसांत 'तुझा नाही आला तर मी जाऊ का?' हा प्रश्न आमच्यात उभा राहिला आणि दोघींनीही तो विचारला नाही. खरं तर तो अर्ज भरायच्या आधीच विचारून मोकळं व्हावं. एकीला नकार आला तर दुसरीने एकटीने जायचं, की दोघींनी रद्द करायचं, आणि रद्द झाल्याचा खर्च कुणाचा. माझा सतराव्या दिवशी आला.

व्हिसाचं स्टिकर हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचावं: नाव, पासपोर्ट क्रमांक, 'पासून-पर्यंत', मुक्कामाचे दिवस, प्रवेशांची संख्या. 'पासून-पर्यंत'चा काळ आणि राहण्याचे मंजूर दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या स्टिकरवर तारखांचं अंतर सत्तावीस दिवसांचं होतं, दिवस मात्र तेरा. राहायचं तेराच. तिला बहुप्रवेश मिळाला, मला एकच. जर्मनी आणि चेकिया दोन्ही शेंगेनमध्ये असल्याने आमचं काही अडलं नाही. मध्ये लंडन घातलं असतं तर ती परत आत आली असती आणि मी बाहेर राहिले असते.

आता तारखांची गंमत. जर्मनीत डॉइचलांडटिकेट नावाचा मासिक पास आहे. २०२५ मध्ये ५८ युरोंत देशभरातल्या शहरी बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक रेल्वे. आयसीई, आयसी यांसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या त्यात नाहीत. २०२६ पासून त्याची किंमत ६३ युरो झाली. हा पास कॅलेंडरच्या महिन्यापुरता चालतो आणि मुळात ती वर्गणी आहे, महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. आमचा पहिला बेत २६ एप्रिल ते ८ मे असा होता, म्हणजे माणशी दोन पास. एक आठवडा पुढे सरकून ३ ते १५ मे केलं आणि माणशी ५८ युरो वाचले. हे मैत्रिणीच्या डोक्यातून आलं. मी नकाशा बघत होते, ती कॅलेंडर. पास घेतल्या घेतल्या रद्द केला तरी तो महिना संपेपर्यंत चालतो, म्हणून पहिल्याच दिवशी रद्द करून निश्चिंत व्हावं. पास नावाचा असतो, एकमेकींना देता येत नाही, आणि फोनमध्ये असतो. फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. दंड ६० युरो. पॉवर बँक हा तिकिटाचाच भाग समजावा.

३ मे, शनिवार, बर्लिन. पासपोर्ट तपासणीला आम्ही दोघी एकत्र पुढे गेलो तेव्हा अधिकाऱ्याने एकीला मागे पाठवलं. कुटुंब नाही ना, मग एकेक. प्रश्न साधे: कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट. म्हणून आरक्षणाचे छापील कागद दोघींकडे वेगवेगळे हवेत, एकीच्याच बॅगेत नकोत. आम्हाला शिक्का मिळाला. आता जाणाऱ्यांना तो मिळणार नाही, कारण १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्याच्या जागी नवी नोंदणी सुरू झाली, त्यात पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेतात, बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळी दिलेलेच धरतात. रांगेसाठी जास्तीचा वेळ धरावा.

शनिवारी संध्याकाळी पोचणाऱ्यांनी सामान खोलीत टाकून तडक किराणा दुकान गाठावं. रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली काही उघडी, बाकी सगळं शांत. शिवाय त्या वर्षी महायुद्ध संपल्याला ८० वर्षं झाली म्हणून ८ मे हा गुरुवार बर्लिनपुरता सुट्टीचा होता. त्यामुळे सहा दिवसांत दोनदा दुकानं बंद. मला ही गैरसोय वाटत राहिली. मैत्रीण स्वतः दुकानदार. ती बंद शटरसमोर उभी राहून म्हणाली, "म्हणजे इथे शेजारचा उघडेल या भीतीने कुणाला रविवारी दुकान उघडावं लागत नाही."

पैशांचं आम्ही असं केलं. एक चेनचं छोटं पाकीट, त्यात दोघींचे दीडदीडशे युरो. किराणा, स्वच्छतागृहाची पन्नास सेंट-एक युरोची नाणी, बर्लिनमधला राहण्यावरचा ७.५ टक्के शहर कर, सगळं त्यातून. कॉफी, खरेदी, संग्रहालय आपापलं. कार्ड मशीनवर 'युरो की रुपये' असं विचारलं तर नेहमी युरो निवडावं. रुपये निवडले की दर दुकानाच्या मशीनचा लागतो, तो महागच असतो. लहान बेकऱ्या आणि काही उपाहारगृहं कार्ड घेत नाहीत, म्हणून पाकिटात रोख हवी.

पहिल्याच जेवणानंतर वेटरने विचारलं, "त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?" एकत्र की वेगवेगळं? आपल्याकडे हा प्रश्न वेटरने विचारणं म्हणजे जवळजवळ अपमान. आपण बिलावर हात मारून 'अगं राहू दे, मी देते' हा खेळ खेळतो, आणि मग कुणी कधी दिलं ते दोघीही मनात मोजत राहतो. इथे वेटर शांतपणे उभा राहून प्रत्येकीचं काय होतं ते विचारतो, बेरीज करतो, टिप आकड्यात मिळवून सांगायची, संपलं. पहिले दोन दिवस मला हे कोरडं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी केक मागवला, मैत्रिणीने नाही, आणि त्याबद्दल कुणालाच काही वाटलं नाही.

बाटल्यांचा किस्सा याच पाकिटातला. जर्मनीत पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर, पेयाच्या कॅनवर २५ सेंट अनामत असते, 'फांड' म्हणतात. बिअरच्या काचेच्या साध्या बाटलीवर ८ सेंट. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनच्या गोल तोंडात बुडाकडून घालायची. ती आत फिरते, बारकोड वाचला जातो, मग कुठेतरी आत चिरडल्याचा आवाज येतो. शेवटी बटण दाबलं की पावती. ती गल्ल्यावर दाखवली की पैसे. पहिल्या तीन बाटल्या मशीनने परत ढकलल्या. का, तर आम्ही त्या पिरगाळून, चेपून ठेवल्या होत्या. आपल्या बाटल्यांवर लिहिलेलंच असतं, वापरानंतर बाटली चुरगाळा. कुणी पुन्हा भरून विकू नये म्हणून. हातांना ती सवय इतकी पक्की की पाणी संपताच मूठ आवळते. तिथे अख्खी बाटली म्हणजे पैसे, आपल्याकडे अख्खी बाटली म्हणजे संशय. चेपलेली बाटली फुंकून फुगवली आणि बारकोडची सुरकुती बोटाने ताणली तर कधी कधी चालते, आमच्या तीनपैकी दोन चालल्या. काही लोक रिकाम्या बाटल्या कचरापेटीत न टाकता बाजूला उभ्या करून ठेवतात, त्या गोळा करून जगणाऱ्यांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून. मग आम्हीही तसंच ठेवायला लागलो.

मैत्रिणीचा गुडघा दुखरा आहे. एकत्र प्रवासाचा सगळ्यात व्यावहारिक नियम असा की वेग हळू चालणाऱ्याचा धरायचा, आणि दिवसाचा कार्यक्रम आखताना स्टेशनला लिफ्ट आहे का हे आधी बघायचं. लिफ्ट असणं आणि त्या दिवशी चालू असणं वेगळं, ते शहर वाहतुकीच्या ॲपवर कळतं. चालताना ती खाली बघून चालते, कारण बर्लिनच्या पदपथांच्या कडेचे छोटे दगडी तुकडे वर-खाली असतात. मी वर बघत चालते, गॅलऱ्या, छपरं, पाट्या. चौथ्या दिवशी एका साध्या इमारतीच्या दारासमोर ती थांबली आणि वाकली. जमिनीत बसवलेला पितळी चौकोन, दहा बाय दहा सेंटिमीटर. पहिली ओळ 'हिअर वोन्टे', इथे राहत होती. मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. श्टोल्परश्टाइन म्हणतात याला, ठेच लागावी असा दगड, नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी. गुंटर डेमनिग या कलाकाराने सुरू केलेलं काम. २०२३ मध्ये त्यातला एक लाखावा दगड बसला. एका दारासमोर चार होते, वाचता वाचता कळलं की एकच कुटुंब, धाकटं पाच वर्षांचं. त्यातला एक दगड नुकताच कुणी तरी घासलेला होता, शेजारचे तीन काळवंडलेले. मी तीन दिवस याच पदपथांवरून गेले होते. माझ्या फोनमध्ये त्या गल्लीचे अकरा फोटो आहेत, सगळे दुसऱ्या मजल्याच्या वरचे.

बर्नाउअर श्ट्रास या रस्त्यावर पूर्व आणि पश्चिम बर्लिन तोडणाऱ्या भिंतीचं स्मारक आहे, प्रवेश मोफत. भिंत १३ ऑगस्ट १९६१ ला उभी राहू लागली आणि ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली. या रस्त्यावर घरं पूर्वेची आणि दाराबाहेरचा पदपथ पश्चिमेचा होता, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. इथे आम्ही मुद्दाम वेगळ्या फिरलो, दोन तास, मग ठरलेल्या बाकावर भेट. परदेशी सोबत असली की चोवीस तास एकत्र राहण्याचा मोह होतो, भीतीपोटीच. अर्धा दिवस वेगळं राहण्याची सोय करावी: दोघींकडे स्वतःचं इंटरनेट, राहण्याचा पत्ता कागदावर, आणि फोन बंद पडला तर भेटायची ठरलेली जागा व वेळ. बाकावर भेटल्यावर ती गंजलेल्या लोखंडी सळ्यांबद्दल बोलत होती, जिथे भिंत पाडली तिथे तिची रेघ दाखवायला त्या उभ्या केल्यात आणि त्यांच्यामधून आरपार चालत जाता येतं. मी मृतांच्या फोटोंसमोर उभी होते. सळ्या मी पाहिल्या होत्या, त्यांच्यामधून चालले मात्र नव्हते. मग गेलो दोघी.

राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीच्या, काचेच्या घुमटात जायचं असेल तर तेही मोफत, पण नाव आणि जन्मतारीख देऊन आधी नोंदणी लागते आणि जाताना पासपोर्ट. नोंदणी दोघींची एकत्र होते. निदान इथे तरी.

ड्रेस्डेनपर्यंत पासवर प्रादेशिक गाड्यांनी गेलो, वेळ जास्त लागतो पण पैसे लागत नाहीत. तिथून प्रागचं तिकीट वेगळं. इथे आमची चूक झाली: दोघींचं एकच तिकीट, एकीच्या नावाने, एकीच्या फोनवर. स्वस्तातली अशी तिकिटं नावाला आणि त्या विशिष्ट गाडीला बांधलेली असतात. ज्या मैत्रिणीच्या नावाने तिकीट, ती नसेल तर दुसरीला चढता येत नाही. थोडे कष्ट पडले तरी दोन तिकिटं काढावीत. जागेचं आरक्षण तिकिटात धरलेलं नसतं, ते वेगळं घ्यावं, प्रागकडे जाताना डाव्या बाजूचं, कारण एल्ब नदी त्या बाजूला असते. गाडी तासाभराहून जास्त उशिरा पोचली. साठ मिनिटांच्या वर उशीर झाला तर भाड्याचा २५ टक्के आणि दोन तासांच्या वर ५० टक्के परतावा मागता येतो, युरोपीय संघाच्या नियमाने. अर्ज त्याच दिवशी भरावा, घरी आल्यावर राहतं. आणि शेंगेन असलं तरी पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे.

प्रागमध्ये युरो नाही, कोरुना. पैसे बदलणाऱ्या दुकानाबाहेर 'शून्य कमिशन' लिहिलेलं असलं तरी दर बघावा, एका युरोला २४-२५ कोरुनांच्या आसपास. फसल्यासारखं वाटलं तर तीन तासांच्या आत पावती दाखवून व्यवहार रद्द करता येतो, तिथला कायदा आहे तसा. पिंकास सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळाच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या ज्यूंची सुमारे ७८ हजार नावं हाताने लिहिलेली आहेत, शनिवारी ते बंद असतं. तिथे मैत्रीण मान वर करून नावं वाचत होती आणि मी सवयीने जमिनीकडे बघत आत शिरले.

१५ मेला परत. हिशोब विमानतळावरच, सामानाची वाट बघत केला: माणशी एक लाख नव्वद हजारांच्या थोडं खाली, त्यात विमान सगळ्यात मोठं. उशिराचा परतावा पाच आठवड्यांनी आला, तिकीट माझ्या कार्डावर होतं म्हणून माझ्याकडे, अर्धा तिला पाठवला. चेनच्या पाकिटात काही नाणी उरली आणि ५० सेंटची एक बाटल्यांची पावती, फुगवून घातलेल्या त्या दोन बाटल्यांची. ती त्याच दुकानात चालते. पाकीट सध्या मैत्रिणीकडे आहे.